सीतेची आसवं : फूल वर, शिकार खाली

सप्टेंबर उजाडला की कासच्या पठारावर पसरलेल्या सीतेच्या आसवांच्या जांभळ्या गालिच्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात आणि त्यांच्याखाली हमखास एक ओळ असते : ‘ही फुलं किडे खातात!’ वनस्पती मांसाहारी आहे हे खरं, पण फुलं किडे खातात हे साफ खोटं. फुलाला कीटक हवा असतो तो परागीकरणासाठी. पाकळीच्या मागे शेपटीसारखी टोकदार नळी असते, तिच्यात मध. पाहुण्याला खाऊ घालून परत पाठवायचं, हा फुलाचा व्यवहार. शिकार चालते ती चार बोटं खाली, चिखलात.

सीतेची आसवं हे नाव एकाच वनस्पतीचं नाही. कासच्या पठारावर पसरते ती युट्रिक्युलारिया पर्प्युरॅसेन्स. भातखाचरात भाताच्या काडीला वेढे घेत चढते ती युट्रिक्युलारिया रेटिक्युलाटा. सीतामाईची आसवं पडली तिथे ही फुलं उगवली, ही कथा गोड आहे. ती उगवतात कुठे, याचं उत्तर मात्र दगडात आहे.

तो दगड म्हणजे जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातले विरघळणारे क्षार धुऊन नेलेले असतात, मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. वर मातीचा थर जेमतेम बोटभर. फॉस्फरस असला तरी लोहाला चिकटून बसलेला. नायट्रोजनचं तर आणखी वाईट : पाणी साचलेल्या मातीत ऑक्सिजन नसतो, म्हणून काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. ऊन भरपूर, पाणी भरपूर, खत शून्य. मांसाहाराचा खर्च वनस्पतीला परवडतो तो अशाच ठिकाणी. शेजारी ओलसर मातीत दवबिंदू (ड्रॉसेरा) ही दुसरी मांसाहारी वनस्पतीही असते, पण तिचा सापळा चिकट पानांचा, म्हणजे अगदी साधा.

सीतेच्या आसवांना खरं मूळच नसतं. मातीत पसरतात ते पांढुरके धागे, आणि त्यांच्यावर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, अर्धपारदर्शक पिशव्या. लॅटिनमध्ये युट्रिक्युलस म्हणजे छोटी पखाल. त्यावरूनच प्रजातीचं नाव आलं. गंमत अशी की ही पखाल पाणी भरून ठेवत नाही, ती सतत उपसून बाहेर टाकते.

पिशवीची भिंत फक्त दोन पेशींच्या जाडीची. दारापाशी असलेल्या दोन हातांच्या ग्रंथी आतलं पाणी उपसतात. हे काम फुकट होत नाही, त्यासाठी साखर जाळावी लागते. दार बंद, पाणी बाहेर; त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 0.15 ॲटमॉस्फिअरने (हवेच्या दाबाचं एकक), म्हणजे साधारण दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, कमी होतो. दोन्ही बाजू गाल आत ओढावेत तशा खपाटीला जातात. या ताणलेल्या भिंतींतच सगळी ऊर्जा साठलेली असते.

आता दार. त्याची वरची कड पिशवीला जोडलेली, खालची उंबऱ्यावर टेकलेली, फटीत चिकट द्रवाचं सील. दार बाहेरच्या बाजूला फुगीर असतं, म्हणूनच बाहेरच्या पाण्याचा रेटा ते पेलतं. घुमट पेलतो तसंच. पण घुमट थोडासा जरी वाकडा दाबला गेला, की सगळा डोलारा उलटतो. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ करून आत जातो, नेमकं तेच. दाराच्या खटक्याला सूक्ष्म जीवाचा धक्का लागतो, फुगीर दार आत उलटतं, भिंती सुटतात आणि पाणी शिकारीसकट आत खेचलं जातं.

पाण्यात वाढणाऱ्या तिच्या चुलत बहिणींवर वेगवान कॅमेरे रोखून 2011 साली हे मोजलं गेलं. दार उघडायला सुमारे अर्धा मिलिसेकंद लागतो आणि आत जाणाऱ्या पाण्याचं त्वरण गुरुत्वाच्या 600 पटींपर्यंत पोचतं. डार्विनला हे दिसणं शक्यच नव्हतं. शिकार डोक्याने दार ढकलून आत शिरते, असं त्याने 1875 साली लिहिलं होतं. दार पुन्हा मिटतं ते आपोआप, कारण आतबाहेरचा दाब सारखा झाला की घुमट मूळ आकाराला येतो. आतल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसल्यामुळे शिकार गुदमरते. चार हातांच्या ग्रंथी पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतात, विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेतात. उपसा लगेच पुन्हा सुरू होतो आणि अर्ध्या तासात सापळा तयार. कोणी न शिवताही पिशव्या अधूनमधून सुटतात, हे आणखी एक कोडं.

शिकार म्हणजे सूक्ष्म जीव : एकपेशीय आदिजीव, चक्रधर (रोटिफर), बारीक सूत्रकृमी. म्हणून ‘डास खाणारी वनस्पती’ अशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. पाण्यातल्या काही जाती डासाच्या कोवळ्या अळ्या ओढतात, पण सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, पिशवीच्या तोंडात अळीचं डोकंही मावणार नाही. शिवाय कुंडीत शेणखत आणि बोअरचं पाणी घातलंत तर झाड टिकणारच नाही.

पखाली बघायच्या तर कासवर काही उपटू नये, तिथे मनाई आहे. स्वतःच्या खाचराच्या बांधावरून रुपयाएवढं ढेकूळ सुरीने कापून घ्यावं. झाड ओढून काढलं की धागे तुटतात, पिशव्या मातीतच राहतात आणि हाती नुसता दांडा येतो. बहुतेकांची हीच चूक होते. ढेकूळ पांढऱ्या बशीत पावसाच्या पाण्यात तासभर भिजवावं, ड्रॉपरने माती हळूहळू धुवावी, मग दहापट भिंग लावावं. खपाटीला गेलेली पिशवी म्हणजे ताणलेला सापळा. फुगलेली म्हणजे नुकताच सुटलेला. आत चकचकीत काळा गोळा दिसला तर ती शिकार नव्हे, हवेचा बुडबुडा. ढेकूळ पाण्याबाहेर असताना पिशवी सुटली आणि तिने हवा गिळली.

कोकणातल्या सड्यांची सातबाऱ्यावर बऱ्याचदा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशीच नोंद असते. त्यावर डंपरने माती ओतून, खत घालून कलमं लावली जातात. माती खोल झाली, नायट्रोजन मिळू लागला, की गवत उंच वाढतं आणि चार बोटं उंचीची ही वनस्पती सावलीत गाडली जाते.

ऑक्टोबरचं ऊन तापलं की मातीतला पाण्याचा पापुद्रा आटतो. पाणीच नाही तर उपसणार काय? पिशव्या निकामी होतात, झाड वाळतं, आणि धुळीसारखं बी जांभ्याच्या भेगांत पुढच्या जूनपर्यंत पडून राहतं. उन्हाळ्यात सडा नुसता काळा कातळ दिसतो. इथे काहीच नाही असं समजून गाड्या लावल्या जातात त्या याच भेगांवर.