मॅगेलन स्मारक, पुंता अरेनास

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, चिलीच्या पुंता अरेनास या बंदरातील मुख्य चौकात उभे असलेले ब्राँझचे स्मारक. शहर साधारण ५३ अंश दक्षिण अक्षांशावर, मॅगेलन सामुद्रधुनीच्या काठी वसले आहे. ‘पुंता अरेनास’चा अर्थ वाळूचे टोक. चौथऱ्यावर सर्वांत उंच तोफेसह पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन, खाली दोन आदिवासी पुरुष आणि एक सागरकन्या, अशी याची रचना आहे. गुलेर्मो कोर्दोव्हा या चिलियन शिल्पकाराची ही कृती असून डिसेंबर १९२० मध्ये तिचे अनावरण झाले.

स्मारक मॅगेलनचे असले, तरी येणारे लोक वर फारसे बघत नाहीत. त्यांना हवा असतो खालच्या एका आदिवासी पुतळ्याच्या पायाचा अंगठा. त्याला हात लावला किंवा त्याचे चुंबन घेतले, की माणूस पुंता अरेनासला पुन्हा येतो, असा समज आहे. बाकी सगळा पुतळा काळपट. तेवढा अंगठा मात्र घासून घासून सोन्यासारखा पिवळा झाला आहे. शंकराच्या देवळातल्या नंदीची पाठ जशी हातांनी गुळगुळीत होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे देव वर उभा आहे आणि नवस खाली फेडला जातो.

मॅगेलन स्वतः या शहरात कधीच आला नाही, कारण तेव्हा शहरच नव्हते. २१ ऑक्टोबर १५२० रोजी त्याची जहाजे सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोहोचली आणि ३८ दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पॅसिफिकमध्ये बाहेर पडली. वाटेत एक जहाज साथ सोडून स्पेनला परतले. किनाऱ्यावर दिसलेल्या जाळांवरून दक्षिणेकडच्या बेटाला ‘तिएर्रा देल फुएगो’, म्हणजे अग्निभूमी, हे नाव पडले. कोकणातल्या वाचकाला एक धागा जवळचा वाटेल. मॅगेलन १५०५ मध्ये ज्या पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाबरोबर हिंदुस्थानात आला, त्याच अल्मेदाच्या आरमाराने १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळले. पुढे फेब्रुवारी १५०९ मधील दीवच्या लढाईत मॅगेलनही होता.

शहराची स्थापना १८४८ ची. सुरुवातीला ही कैद्यांची वसाहत होती. चौकाला ज्या मुन्योस गामेरो या गव्हर्नरचे नाव आहे, तो १८५१ च्या बंडात मारला गेला. खरा पैसा आला तो मेंढ्यांतून. १८७७ च्या सुमारास फॉकलंड बेटांवरून सुमारे तीनशे मेंढ्या आणल्या गेल्या आणि काही वर्षांतच लोकरीचे मोठे व्यापारी घराणे उभे राहिले. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू होऊन जहाजांची वर्दळ ओसरेपर्यंत बंदराचे दिवस ऐन भरात होते. चौकाभोवतीचे युरोपीय थाटाचे वाडे त्याच काळातले आहेत. स्मारकही लोकरीच्याच पैशातून झाले. सामुद्रधुनीच्या शोधाला ४०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, स्पेनच्या अस्तुरियास भागातून आलेल्या होसे मेनेन्देस या मेंढीसम्राटाने त्यासाठी देणगी दिली. मेनेन्देस १९१८ मध्ये वारला, त्यामुळे अनावरण त्याला पाहता आले नाही.

चमकणाऱ्या अंगठ्याची दुसरी बाजू इथून सुरू होते. तिएर्रा देल फुएगोवर सेल्कनाम लोक ग्वानाको या उंटाच्या कुळातल्या प्राण्याची शिकार करून जगत. कुरणांना कुंपणे पडली, ग्वानाको हटला, म्हणून ते मेंढ्या मारू लागले. मेंढीमालकांच्या दृष्टीने ही चोरी होती. माणसे मारणाऱ्यांना पैसे दिले गेले. पुराव्यादाखल कान कापून आणले जात. उरलेल्यांपैकी अनेकांना डॉसन बेटावरील सालेशियन या कॅथलिक पंथाच्या मिशनमध्ये नेण्यात आले आणि तिथे रोगांनी बहुतेकांचा बळी घेतला. १९११ मध्ये मिशन बंद झाले. मुख्य भूमीवरचे आओनिकेन्क हा वेगळा समाज. अंगठा नेमका कोणाचा, यात प्रवासी माहितीत नेहमी घोळ असतो. कुठे सेल्कनाम लिहिलेले असते, कुठे पातागोनिया या दक्षिणेकडच्या प्रदेशाचा आदिवासी. ज्याच्या पायाला रोज इतके हात लागतात, त्याचे नाव धड ठरू नये, हे या स्मारकाला साजेसेच म्हणायचे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये चिलीभर उसळलेल्या आंदोलनात निदर्शकांनी शहरातला मेनेन्देसचा अर्धपुतळा उखडला आणि तो या आदिवासी पुतळ्याच्या पायाशी आणून टाकला. २०२३ मध्ये चिलीने कायद्याने सेल्कनामांना देशातील हयात आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली. त्याआधी शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे त्यांचा उल्लेख ‘नामशेष’ असाच होई.

भेट द्यायची तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. डिसेंबरात दिवस सुमारे सतरा तासांचा असतो. पण उन्हाळा या शब्दावर भिस्त ठेवू नये. दुपारीसुद्धा पारा पंधराच्या आसपासच रेंगाळतो आणि वारा याच महिन्यांत सर्वांत जोराचा असतो. झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले की शहराच्या मध्यभागी पादचाऱ्यांना धरायला दोरखंड बांधतात. टोपी हातात घेऊनच फिरावे. समुद्र चौकापासून चालत काही मिनिटांवर आहे. अंटार्क्टिकाला निघालेले बरेच प्रवासी इथे विमान किंवा जहाजाची वाट पाहत एखादा दिवस काढतात. त्यांनी अंगठ्यापाशी फोटो काढून झाल्यावर जवळच्या ब्राउन-मेनेन्देस वाड्यातील प्रादेशिक संग्रहालयात अवश्य जावे. लोकरीच्या पैशातून आलेले फर्निचर आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांची माहिती तिथे एकाच छपराखाली पाहायला मिळते.