नळ, वीज आणि पाइपातली एक लाट

नागपूरच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक चौकट छापून येते: विजेच्या दुरुस्तीसाठी शटडाऊन, त्यामुळे अमक्या जलकुंभांवरून पाणी मिळणार नाही. वाचणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. वीज चार तास नाही, म्हणजे नळही चार तास नाही. पण रिकामी झालेली लाइन भरायला वेळ लागतो, भरताना तळाचा गाळ आणि गंज ढवळून निघतो, म्हणून नळ उशिरा येतात आणि गढूळ येतात. वर एखादी लाइनही फुटते. चौकातलं निदान ठरलेलं: काम निकृष्ट. असेलही! पण अचानक गेलेली वीज चांगला पाइपसुद्धा फोडू शकते.

आधी कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहू. पेंच धरणाचं पाणी महादुल्याचे पंप गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे ढकलतात, कन्हान नदीचं पाणीही पंपांनीच उचललं जातं. पंपांना वीज लागते. शेजारच्या कोराडीच्या औष्णिक केंद्राला वीज करण्यासाठी पाणी लागतं आणि त्यातलं काही भांडेवाडीत शुद्ध केलेलं नागपूरचंच सांडपाणी असतं. म्हणजे मोरीत सोडलेलं पाणी फिरून विजेच्या कामी येतं. असं एकमेकांत गुंतलेलं जाळं वेगळ्या रीतीने कोसळतं, हे 2010 साली ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधाने गणिताने दाखवलं. सुटं असताना जे जाळं हळूहळू दुबळं होतं, तेच दुसऱ्या जाळ्याशी बांधलं की एका टप्प्यावर एकदम ढासळतं. 14 ऑगस्ट 2003 ला ईशान्य अमेरिकेची वीज गेली तेव्हा क्लीव्हलँडचे पंप थांबले आणि लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पंप ट्रिप झाला की लाइनमधलं शेकडो टन पाणी लगेच थांबत नाही, ते पुढे जात राहतं. पंपाजवळ दाब पडतो आणि ही बातमी लाटेच्या रूपात पाइपातून धावत सुटते. लोखंडी पाइपात तिचा वेग सेकंदाला साधारण 1200 मीटर. लाइनच्या उंचवट्यावर दाब इतका उतरू शकतो की पाण्याची वाफ होऊन पोकळी तयार होते. पुढे गेलेलं पाणी मागे फिरतं, पोकळी मिटते आणि दोन्हीकडचं पाणी एकमेकांवर आदळतं. हा दणका किती मोठा, याचं सूत्र मॉस्कोत निकोलाय झुकोव्स्की यांनी 1898 च्या सुमारास दिलं: दाबातला बदल म्हणजे घनता गुणिले लाटेचा वेग गुणिले प्रवाहाच्या वेगातला बदल. सेकंदाला 1 मीटरने वाहणारं पाणी झटक्यात थांबलं तर 1000 × 1200 × 1, म्हणजे 12 लाख पास्कल. पाण्याच्या सुमारे 120 मीटर उंच स्तंभाएवढा दाब, नेहमीच्या दाबावर अधिक. वर्तमानपत्रात छापलेला शटडाऊन म्हणूनच परवडला. त्यात पंप सावकाश उतरवता येतात.

गंमत पुढेच आहे. लाइनला चीर पडली की पाणी फुसफुसतं आणि तो आवाज पाण्यातून दोन्ही दिशांना त्याच वेगाने जातो. दोन व्हॉल्व्हवर संवेदक लावायचे. समजा अंतर 100 मीटर. जवळच्या व्हॉल्व्हवर आवाज 0.02 सेकंद आधी आला. 1200 गुणिले 0.02, म्हणजे दूरच्या बाजूला 24 मीटर जास्त. 100 मधून 24 वजा करून निम्मे करा: गळती जवळच्या व्हॉल्व्हपासून 38 मीटरवर. पण हा 0.02 सेकंद कळतो कसा? फुसफुशीला सुरुवात-शेवट नसतो. म्हणून एक ध्वनिमुद्रण दुसऱ्यावर थोडं थोडं सरकवत जायचं, प्रत्येक वेळी दोन्हींचा क्षणाक्षणाचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. ज्या सरकवणीला बेरीज सर्वांत मोठी, तोच वेळेतला फरक. वाहनांचा आवाज दोन्हीकडे सारखा जुळत नाही, त्यामुळे तो बेरजेत विरून जातो.

सगळी मदार वेगावर. प्लास्टिकचा पाइप फुगतो, त्यात लाट सेकंदाला 400 मीटरच्या आसपास धावते. नकाशात लोखंड आणि जमिनीत प्लास्टिक असेल, तर वरच्याच मापांतून उत्तर 38 ऐवजी 46 यायला हवं. आठ मीटरची चूक, तीही सिमेंट रोड फोडून! म्हणून ‘डिजिटल ट्विन’चा, म्हणजे अख्ख्या जाळ्याच्या संगणकातल्या प्रतिकृतीचा, गाजावाजा मला फारसा पटत नाही. पाण्याच्या जाळ्याचं गणित करणारी ‘ईपानेट’ ही प्रणाली 1993 पासून फुकट मिळते. अडतं ते कोणता पाइप कशाचा आणि कोणता व्हॉल्व्ह अर्धा बंद, या माहितीपाशी.

जमिनीत काय आहे ते पाणाड्याला विचारावं, तर तेही चालत नाही. आपल्याकडे कडुलिंबाची काडी किंवा नारळ घेऊन जमिनीतलं पाणी सांगतात, तसं सांगणाऱ्या तिकडच्या पाणाड्यांची 1990 साली जर्मनीत कासेलला चाचणी झाली. पुरलेल्या प्लास्टिकच्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं नाणेफेकीहून सरस निघाली नाहीत.

प्लास्टिकचा सौदा मात्र विचित्र आहे. लाट मंद, म्हणून दणका तिसऱ्या हिश्शावर येतो, पण गळतीचा आवाज लवकर मरतो आणि जो उरतो तो खालच्या पट्टीतला, शे-दोनशे हर्ट्झच्या आतला. घरोघरी नळाला लावून पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपाची घरघरही त्याच पट्टीत. रात्री दोनला टिल्लू बंद असतात, रस्ताही शांत, पण ठरावीक वेळीच नळ येणाऱ्या वस्तीत तेव्हा लाइनला दाबच नसतो आणि चीर गप्प असते. नळाच्या वेळी वीज बंद ठेवा, ही मागणी टिल्लूंना कंटाळलेले लोक करतात. गळती ऐकणाऱ्या फिटरलाही ती सोयीची, फक्त जलकुंभ भरणाऱ्या पंपांची वीजवाहिनी वेगळी हवी.