खशखशीच्या दाण्यापासून बाजूबंदापर्यंत

१४ जानेवारीला, उत्तरायणाला, सगळं बडोदं पतंग उडवायला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असतं. हातात फिरकी, खिशात चिक्की, आणि दर दोन मिनिटांनी ‘काप्यो छे!’चा गलका. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत त्याच संध्याकाळी खालच्या खोलीत वेगळीच गडबड. नव्या सुनेला काळी साडी नेसवून पाटावर बसवलेलं असतं आणि सासूबाई तिच्या दंडाला जपून हलव्याचा बाजूबंद बांधत असतात. जरा ओढलं की दाणा सुटतो.

गायकवाडांनी १७३४ साली बडोदं घेतलं. पुढे त्यांच्या पदरी सरदार, कारकून, पुराणिक अशी माणसं दख्खनेतून येत राहिली. उत्तरायण इथे होतंच. त्यात या मंडळींनी तिळगूळ, बोरन्हाण आणि रथसप्तमीपर्यंत लांबणारं हळदीकुंकू आणलं.

दागिन्यांचं सगळं खरं काम परातीत. मंद शेगडीवर परात, तीत मूठभर खशखस किंवा तीळ, वरून चमच्याने थेंब थेंब पाक, आणि बोटांनी अखंड हलवत राहायचं. (हलवायचा म्हणून हलवा, असं आजी सांगायची. शब्द अरबी आहे, पण तिच्याशी वाद कोण घालणार?) पाकाची मळी दूध घालून काढायची, नाहीतर हलवा पिवळट दिसतो. एक पूट वाळलं की दुसरं, असं चार-पाच दिवस. थंडी कडक असेल तर काटा छान फुटतो. आभाळ आलं की दाणे गुळगुळीतच राहतात. म्हणून पहाटे चारला उठायचं. बोटं भाजायची ती भाजायचीच.

असा पांढराशुभ्र हलवा घरोघरी व्हायला साखर हाताशी यावी लागली, असं मला वाटतं. आधी जावाची साखर बोटीने यायची. १९३२ साली देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर उभे राहिले.

हलव्याच्या दाण्याला भोक पाडायला गेलं की तो फुटतो. म्हणून दुहेरी दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा आवळत जायचं. तन्मणी, चिंचपेटी, कंबरपट्टा असे दागिने सुनेला पहिल्या संक्रांतीला. काळ्या साडीवर ते उठून दिसतात. जावयाला हार, नारळ आणि चक्क हलव्याचं मनगटी घड्याळ. परंपरा म्हणता म्हणता तीही काळाबरोबर चालते ती अशी. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट, बाजूबंद आणि बासरी, म्हणजे पाटावर बाळकृष्णच बसलेला. हे जपून ठेवायचं म्हटलं तरी जमत नाही. पावसाळी हवेत दाण्यांना पाणी सुटतं, मुंग्या लागतात. पुढच्या वर्षी नव्या सुनेला, नव्या बाळाला पुन्हा नवे.

भाच्याच्या बोरन्हाणाचा सेट पुण्याहून कुरिअरने मागवला होता. मुकुट डोक्यावर दोन मिनिटं टिकला. बासरी त्याने सरळ तोंडात घातली आणि फोटोग्राफर कॅमेरा सरसावेपर्यंत अर्धी संपवली.