क्रेडिटच्या आधीची वही

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र सुरू झालं की नाशिकच्या कॉलेजांतून प्राचार्यांच्या सहीची पत्रं घेऊन पोरी बाहेर पडतात. ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, एका क्रेडिटला 30 तास, एकूण 120 तास. कॉमर्सवाल्यांना बँक सापडते, सीएचं ऑफिस सापडतं. स्त्री-अभ्यास घेतलेल्या मुलीला मात्र घरचेच विचारतात, "तुझ्या विषयाची कंपनी कुठली?" हे 120 तास, तिसऱ्या सत्रातला चार क्रेडिटचा आणि चौथ्या सत्रातला सहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, ही रचना राज्यात 2023 पासून नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आली. त्यामुळे फील्डवर्क ही या विषयाला नंतर लावलेली शेपटी आहे असा अनेकांचा समज होतो. खरं तर आधी फील्ड होतं, वर्ग मागून आला.

1971 मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. डिसेंबर 1974 मध्ये अहवाल हाती आला आणि सरकारच्याच आकड्यांनी सरकारला तोंडघशी पाडलं. 1901 साली हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, त्या 1971 ला 930 वर आल्या होत्या. स्वातंत्र्य मिळालं, शाळा वाढल्या, राज्यघटनेने समान हक्क दिले, आणि बायका कमी झाल्या. हे विद्यापीठांना आधी का दिसलं नाही, या प्रश्नातून स्त्री-अभ्यास उभा राहिला. त्याच 1974 साली मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं. 1981 ला तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढच्या वर्षी भारतीय स्त्री-अभ्यास संघटना स्थापन झाली.

आता नाशिककरांनी लक्षात ठेवावं असं वर्ष : 1986. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समानतेसाठी शिक्षण हा भाग आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातून स्त्री-अभ्यास केंद्रं निघू लागली. पुणे विद्यापीठाचं केंद्र 1987 चं. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखलं जातं, 2014 पासून विद्यापीठालाही सावित्रीबाईंचंच नाव आहे. नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो, म्हणून इथल्या मुलीचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा, कसा असावा यावर त्या केंद्राची छाप आहे. दलित स्त्रियांच्या जगण्यातून ज्ञान घडतं, ती केवळ 'केस' नसते, हे शर्मिला रेगे यांनी तिथे वर्षानुवर्षं मांडलं.

पण त्याच 1986 च्या नोव्हेंबरात, 9 आणि 10 तारखेला, आपल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. शेतात राबणाऱ्या बायका हजारोंनी आल्या. तिथून सुरू झालेला विचार पुढे बायकोच्या नावे जमीन करून देणाऱ्या लक्ष्मीमुक्तीपर्यंत गेला. दिल्लीत धोरणाचा मसुदा आणि चांदवडला बायका, दोन्ही एकाच वर्षी. एकमेकांना त्यांची किती खबर होती कोण जाणे! मला मात्र वाटतं, लक्ष्मीमुक्तीतले किती सातबारे आजही बाईच्या नावावर आहेत हे तलाठी कार्यालयात बसून तपासणं, याच्याइतका नेटका प्रकल्प नाशिकच्या विद्यार्थिनीला दुसरा मिळायचा नाही.

या विषयातलं मराठीतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं फील्डवर्क तर कुठल्याच क्रेडिटसाठी झालेलं नाही. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड ही नावं शाळेतल्या पोराला पाठ असतात. मंदिराच्या दाराशी बसलेल्या बायकांची नावं? ती उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी शोधली. आंबेडकरी चळवळीतल्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. या दोघी त्यांच्यापर्यंत पोचल्या, बोलत्या केल्या, लिहून घेतलं, आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. आज मौखिक इतिहास म्हणून संशोधनपद्धतीच्या पेपरला जे शिकवतात, ते या दोघींनी आधीच करून दाखवलं होतं. पंचवटीत राहणाऱ्या मुलीला ते देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि प्रकल्पाचा विषय मात्र पुष्कळदा 'सोशल मीडिया आणि स्त्रिया' असतो.

इंटर्नशिपची वंशावळ वेगळी. ती समाजकार्याच्या शिक्षणातून आली, जिथे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 1936 पासून क्षेत्रकार्याला महत्त्व दिलं. याच संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. नंतर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला, संरक्षण अधिकारी आले. 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची झाली. त्याआधीच 1975 मध्ये राज्याने महिला आर्थिक विकास महामंडळ काढलं होतं, त्यातून बचत गटांचं जाळं विणलं गेलं. म्हणजे आता पत्र घेऊन जायला जागा आहेत. अडचण दुसरीच होते. समुपदेशन केंद्रात बसलेली मुलगी टेबलाच्या या बाजूला इंटर्न असते आणि मनातल्या मनात प्रकल्पही लिहीत असते. समोरची बाई नवऱ्याबद्दल सांगते ते मदतीसाठी, कुणाच्या प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणासाठी नव्हे. ओजेटीची वही आणि प्रकल्पाची वही वेगळ्या ठेवा, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. सगळे गाईड सांगतातच असं नाही.

आणि मग द्राक्षं. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, ती सहसा पुरुषांकडे. त्यानंतर विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवणं, ती बायकांकडे. सुरगाणा, पेठकडची भातं निघाली की तिथल्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांत उतरतात, कुणी रोजाने, कुणी एकराला उक्तं. मंडपाखाली मान वर करून घडातले मणी काढायचे, दिवसभर. संध्याकाळी मान खाली घ्यायलाही दुखतं. हे सगळं नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा आमच्या परीक्षा असतात. जानेवारीत विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन मोकळी होते तोवर विरळणी संपलेली असते, हंगाम काढणी आणि पॅकिंगकडे सरकलेला असतो. सिन्नरच्या बिडी कामगार बायका, येवल्यात पैठणीच्या मागाशेजारी कांड्या भरणाऱ्या बायका वर्षभर भेटतात, म्हणून त्यांच्यावर प्रकल्प जास्त होतात. विषयाची निवड अशी बरेचदा वेळापत्रकच करतं.

2017 ला बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरातल्या स्त्री-अभ्यास केंद्रांचं काय होणार, ही धास्ती होती, कारण त्यांचा पैसा योजनेतून येत होता. नव्या धोरणाने प्रकल्प सक्तीचा केला, त्यामुळे प्रकल्पांची संख्या वाढली. रेक्झिनच्या बांधणीतले, सोनेरी अक्षरांचे प्रबंध विभागाच्या कपाटात एकावर एक चढतात. ते कपाट उघडताना मी फार कमी विद्यार्थिनींना पाहिलंय.

एका डिसेंबरात एका विद्यार्थिनीबरोबर मी सकाळी साडेसहाला पंचवटीतल्या मजुरांच्या नाक्यावर गेले होते. पिकअप येत होत्या, बायका डबे सांभाळत चढत होत्या. वाहन चुकलं की खाडा. तिने एकीला थांबवून वही उघडली : नाव, गाव, किती मुलं, रोज किती, पुरुषाला किती. त्या बाईने दोन प्रश्नांची उत्तरं दिली. पिकअपवाल्याने हॉर्न मारला. पाय फळीवर ठेवत ती म्हणाली, "गेल्या साली बी एक पोरगी आली व्हती. तिनं बी हेच इचारलं. तिच्या वहीत बघा ना."