ऊती चारच का? एकवीसवरून चारवर येईपर्यंतची गोष्ट

अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता, या शरीरातल्या चार ऊती, म्हणजे एकसारख्या पेशींचे गट (टिश्यू). शाळेत आपण सगळ्यांनी हे घोकलंय, चार नावं लिहिली की मार्क मिळायचे. पण चारच का, आणि ठरवलं कुणी, हे कुणी सांगितलं नाही आणि मला वाटतं तेच आधी सांगायला हवं होतं, मग घोकायची वेळच आली नसती.

गोष्ट सुरू होते पॅरिसमध्ये, राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीत. झाविए बिशा, जन्म १७७१, ओतेल-दिय नावाच्या जुन्या हॉस्पिटलमधला तरुण डॉक्टर. तेव्हा आजार सांगायचा तो अवयवावरून, म्हणजे हृदयाचा, फुफ्फुसाचा, पोटाचा वगैरे. बिशा मात्र वारलेल्या पेशंटची शवं उघडून बघत बसायचा, एका हिवाळ्यात सहाशेच्या वर उघडली असं सांगतात, आणि त्याला पुन्हा पुन्हा एकच दिसायचं की अख्खा अवयव क्वचितच बिघडतो, बिघडतो तो त्यातला एखादा थर. हृदयावरचं आवरण सुजून पाणी धरलेलं आणि आतला स्नायू मात्र अगदी ठीक. उलट फुफ्फुसावरचं आवरण आणि पोटाच्या पोकळीचं आवरण, जागा किती लांब लांब, पण सूज आली की दोन्ही सारखीच वागणार. म्हणजे अवयव वेगळे असले तरी माल एकच! हा धागा त्याला आधी पिनेल या डॉक्टरच्या लिखाणात सापडला होता, पण तो पूर्ण शरीरभर नेला बिशाने.

आणि हे सगळं मायक्रोस्कोपशिवाय बरं का. तेव्हाच्या भिंगांत कडेला रंग फुटायचे, चित्र अंधुक दिसायचं, त्याचा त्यावर विश्वासच नव्हता. तो शरीराचे तुकडे उकळायचा, वाळवायचा, पाण्यात कुजवायचा, ॲसिडमध्ये ठेवायचा आणि कुठला तुकडा कसा बदलतो ते बघायचा. असं करत करत त्याने २१ ऊती मोजल्या, त्यात हाड वेगळं, कूर्चा (नाका-कानातलं मऊ हाड) वेगळी, रोहिणी वेगळी, नीला वेगळी, केससुद्धा वेगळे. आपल्या ताब्यातले स्नायू आणि आपोआप चालणारे स्नायू हा फरकही त्याच्या यादीत आहे. १८०१ ला त्याच्या पुस्तकाचे चार खंड छापून आले आणि १८०२ च्या जुलैमध्ये तो गेला, हॉस्पिटलच्या जिन्यावरून पडला आणि दोन आठवड्यांत संपला. वय फक्त ३०.

आता शब्दाकडे बघा. फ्रेंचमध्ये 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड, आणि आपल्याकडे 'ऊती' हा शब्दही विणण्याच्याच धातूवरून आलाय, ओतप्रोतमधला 'ओत' तोच. ज्यांनी हा मराठी शब्द निवडला त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. (सप्तधातू म्हणजेच ऊती का, असं बरेच जण विचारतात. तर नाही, रस, रक्त, मांस, मेद ही मांडणी एकातून दुसरा धातू कसा तयार होतो याची आहे, थर ओळखायची नाही, दोन्ही एकमेकांवर बसवायला जाऊ नये.)

मग २१ च्या ४ कशा झाल्या? १८३० च्या आसपास भिंगं सुधारली आणि काम जर्मनीत गेलं, त्यातही बर्लिनच्या योहानेस म्युलर या शरीरशास्त्रज्ञाच्या शिष्यांकडे. १८३९ मध्ये त्यांतल्याच थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाने दाखवलं की प्राण्यांचं सगळं शरीर पेशींचंच, आणि मग उकळून काय होतं यापेक्षा पेशी कशा रचल्यात हा प्रश्न मोठा झाला. म्युलरचाच दुसरा शिष्य हेन्ले याने त्वचेपासून आतड्याच्या आतल्या अस्तरापर्यंत एकाला एक चिकटलेल्या पेशींचे थर दाखवले, ती अभिस्तर ऊती. संयोजीचा मामला जास्त अवघड होता, कारण हाड कडक, चरबी मऊ, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) दोरीसारखी, मग हे एका घरात बसवायचं कसं? १८४५ मध्ये रायखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने म्हटलं की ही सगळी एकाच कुळातली, आणि ते पटण्यासारखं आहे कारण यांत पेशी विरळ आणि पेशींमधला मालच जास्त असतो, त्या मालावरच कडक का मऊ ते ठरतं. १८५२ चं कोलिकरचं आणि १८५७ चं लायडिगचं ऊतींवरचं पुस्तक येईपर्यंत चारची मांडणी बऱ्यापैकी बसली होती. चेता ऊतीची आतली गुंतागुंत मात्र इटलीच्या गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी रंगवल्यावरच नीट दिसायला लागली.

रंगाचीही गंमत आहे. आज लॅबमध्ये जो जांभळा रंग सर्रास वापरतात, हिमॅटॉक्सिलिन, तो मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि युरोपात आधी तो कापड रंगवायलाच वापरायचे. म्हणजे शब्द विणकराचा आणि रंग रंगाऱ्याचा.

आणि हे जुनं वर्गीकरण आजही बायोप्सीच्या रिपोर्टवर असतं. 'कार्सिनोमा' लिहिलं असेल तर गाठ अभिस्तर ऊतीतून उठलेली, 'सार्कोमा' असेल तर हाड, चरबी, स्नायू अशांतून, आणि पुढची ट्रीटमेंट कशी करायची हे ठरवताना डॉक्टर हेही बघतात.