व्यक्तिमत्त्व विकार : कलंक व शिक्क्यांचा गैरवापर

विचार, भावना, स्वतःविषयीची जाणीव आणि इतरांशी असलेले संबंध यांत दीर्घकाळ टिकणारा व स्वतःला किंवा निकटच्या माणसांना जाचणारा बिघाड म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार. या निदानांची नावे शिवीसारखी वा टोपणनावासारखी वापरली जाणे, आणि त्यातून रुग्णाला लागणारा कलंक, एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागात मराठीभाषकांच्या कानावर ही नावे घरची मराठी, शेजारची कन्नड आणि दवाखान्यातील इंग्रजी अशा तीन वाटांनी पडतात.

मराठी परिभाषेत ‘विकृती’ व ‘विकार’ असे दोन्ही शब्द चालतात. आयुर्वेदातील प्रकृती–विकृती या जोडीत विकृती म्हणजे मूळ स्थितीत पडलेला फरक; त्यात निंदा नाही. वृत्तपत्री मराठीत मात्र ‘विकृत’ हे लैंगिक गुन्हेगाराचे जवळजवळ नामच झाले आहे. त्यामुळे मुलीच्या कागदावर ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ असे वाचणाऱ्या आईला ते आरोपपत्र वाटले तर नवल नाही. प्रस्तुत नोंदीत म्हणून ‘विकार’ हाच शब्द योजला आहे. ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा जुना शब्द तर अधिकच घोटाळ्याचा ठरला. स्किझोफ्रेनिया हा चित्तभ्रमाचा आजार आणि एकाच देहात अनेक ओळखी वावरण्याची विघटनात्मक अवस्था, या दोन्ही गोष्टी त्या नावाखाली खपतात. व्यक्तिमत्त्व विकारात यांपैकी एकीचीही गणना होत नाही.

संकल्पनेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो फ्रेंच वैद्य पिनेल यांच्या ‘भ्रमाविना उन्माद’ या कल्पनेपर्यंत, म्हणजे साधारणतः १८०१ पर्यंत मागे नेतात. काही जण प्रिचर्ड यांनी १८३५ मध्ये मांडलेल्या ‘मॉरल इन्सॅनिटी’पासून सुरुवात करतात. येथे ‘मॉरल’चा अर्थ ‘नैतिक’ असा घेण्याची चूक वारंवार होते. त्या काळच्या वैद्यकीय इंग्रजीत त्याचा रोख बव्हंशी भावनांकडे होता. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांची ‘सायकोपॅथिक व्यक्तिमत्त्वे’ या नावाची १९२३ ची मांडणी आरंभ म्हणून अधिक ग्राह्य वाटते, कारण आपल्या वेगळेपणामुळे स्वतः सोसणारे किंवा समाजाला सोसायला लावणारे, अशी दुहेरी व्याख्या त्यांनी केली. त्यांच्या दहा प्रकारांत खिन्न व आत्मविश्वास नसलेली माणसेही होती. आज निपाणीच्या बसस्थानकावर रागीट कंडक्टरला ऐकू येणाऱ्या ‘सायको’ या शब्दात यांतील सोसणारी माणसे उरलेली नाहीत. ‘सायकोपॅथी’ हे डीएसएम-५ (अमेरिकन मनोविकार संघटनेची निदानपुस्तिका, २०१३) व आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) यांपैकी कोणत्याही वर्गीकरणात स्वतंत्र निदान नाही.

भावना, नाती व स्वप्रतिमा सतत डळमळीत राहणाऱ्या ‘बॉर्डरलाइन’ या व्यक्तिमत्त्व विकाराची कथा या भागात थोडी निराळी आहे. अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये ही संज्ञा वापरली ती मज्जाविकृती (न्यूरोसिस) व चित्तभ्रम (सायकोसिस) यांच्या मधल्या रुग्णांसाठी. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये ते स्वतंत्र निदान झाले. त्याचे मराठी रूप ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असे केले जाते. ज्या गावांत सीमावासी ही माणसांची रोजची ओळख आहे, तेथे हे भाषांतर निदान म्हणून कसे वाचले जाईल, याचा विचार परिभाषाकारांनी केलेला दिसत नाही. संक्षेपांचाही घोळ आहे. कागदावरील ‘बीपीडी’ म्हणजे हा विकार आणि ‘बीपीएडी’ म्हणजे द्विध्रुवीय आजार. नातेवाइकाच्या तोंडी दोन्हींचे सहज ‘बीपी’ होते आणि जेवणातले मीठ कमी केले जाते.

सर्वांत खोल रुजलेला शिक्का बाहेरून आलेला नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण स्थळ पाहताना, भाऊबंदकीत, सुनेविषयी बोलताना निकालासारखी वापरली जाते. हीच निराशा वैद्यकातही होती: मनोविकारतज्ज्ञांना न आवडणारे रुग्ण म्हणजे व्यक्तिमत्त्व विकाराचे रुग्ण, अशा आशयाच्या शीर्षकाचा लुइस व अ‍ॅपलबी यांचा शोधनिबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ हे पूर्वनिदान वाचून डॉक्टरांचे मत कलुषित होत असल्याचे दिसले. प्रत्यक्षात बॉर्डरलाइन रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यांत दहा वर्षांच्या आत बहुसंख्यांची लक्षणे ओसरलेली आढळतात, जरी नोकरी व नातेसंबंध सावरण्यास अधिक काळ लागतो. मार्शा लिनेहन यांनी या रुग्णांसाठी विकसित केलेली उपचारपद्धती मुख्यतः कौशल्ये शिकवण्यावर उभी आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने जुनी प्रकारवार नावे बहुतांशी काढून सौम्य, मध्यम व तीव्र अशी श्रेणी स्वीकारली. ‘बॉर्डरलाइन’ मात्र वैकल्पिक विशेषण म्हणून राहिले.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर अंगात येणे हे श्रद्धेच्या चौकटीत मान्य वर्तन असल्याने त्याला विकार म्हणता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार राजकीय वा सामाजिक स्थान, तसेच समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक धारणांशी न जुळणे, या आधारावर मानसिक आजार ठरवता येत नाही. मानसिक आजार ठरला तरी केवळ तेवढ्यावरून, न्यायालयाने घोषित केल्याशिवाय, व्यक्ती विकल मनाची मानली जात नाही. वारसाहक्काच्या भांडणात धाकट्या भावाला ‘डोक्यावर परिणाम झालेला’ ठरवणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

मनोविकारांसाठीची मोठी सरकारी संस्था या भागाला जवळची म्हणजे धारवाडची. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे.