स्वरपट्टी व ध्वनिसंस्कार : गीताच्या भावावरील परिणाम

गायक ज्या स्वराला षड्ज (सा) मानतो, त्याच्या उंचीला व्यवहारात पट्टी म्हणतात. पट्टी बदलली तरी स्वरांमधील अंतरे तीच राहतात. त्यामुळे राग बदलत नाही, मात्र गळ्यावरचा ताण आणि आवाजाचा पोत बदलतो. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी नाशिकमार्गे त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या दिंडीत काळी चार (पेटीच्या सप्तकातील चौथी काळी पट्टी) यासारख्या चढ्या पट्टीत उचललेला अभंग हाकेसारखा वाटतो. तोच घरी पांढरी एकमध्ये (सप्तकातील पहिल्या पांढऱ्या पट्टीत) म्हटला की स्वगतासारखा होतो. भाव मुख्यतः अंतरांत असतो, हे पेटीवर पडताळता येते. पांढरी एकला षड्ज धरून भूप राग वाजवावा. मग तंबोरा पांढरी तीनवर, म्हणजे भूपाच्या गांधारावर लावून तेच पाच स्वर वाजवावेत. एकही नवा स्वर न घेता, केवळ षड्जापासूनची अंतरे बदलल्याने मालकंस रागाचे स्वर उभे राहतात.

स्वर आणि रस यांचा संबंध प्रथम कोणत्या अर्थाने सांगितला गेला, हा वादाचा विषय आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात (काल सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० असा धरतात, काही अभ्यासक तो आणखी पुढे नेतात) मध्यम-पंचम हास्य व शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र व अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला आणि धैवत बीभत्स व भयानकाला योजावा, असे म्हटले आहे. हे वचन सुट्या स्वरांना लावण्याचा प्रघात असला, तरी ते जातिगायनातील (जाती म्हणजे रागांपूर्वीचे स्वरबंध) अंशस्वराविषयी, म्हणजे प्रमुख स्वराविषयी, आहे हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण षड्जाचा आधार नसलेला एकटा स्वर कोणताही निश्चित भाव देत नाही. भरताच्या षड्जग्रामातील (त्या काळच्या एका मूळ स्वरसप्तकातील) गांधार व निषाद आजच्या कोमल स्वरांच्या जवळचे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास कोमल गांधाराशी कारुण्य जोडण्याची आपली सवय बरीच जुनी ठरते.

ध्वनिसंस्कारांत (आवाजावर केलेल्या बदलांत) रिव्हर्ब, म्हणजे मूळ स्वर थांबल्यावरही रेंगाळणारा घुमारा, सर्वांत परिणामकारक आहे. ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने उतरायला लागणाऱ्या काळाने तो मोजतात. नाशिकच्या पांडवलेणीतील लेणे क्र. १८ हे कातळात कोरलेले चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनास्थान, आहे. कातळ ध्वनी फार थोडा शोषत असल्याने अशा जागी आवाज विझायला वेळ घेतो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि गाणारा दूर, एकाकी भासतो. ध्वनिमुद्रणात दूरपणाचा हाच भास कृत्रिम घुमाऱ्याने निर्माण करतात. वाद्यवृंदातील मंडळी ज्याला ‘एको’ म्हणतात, त्यात मात्र पुनरावृत्ती सुटी ऐकू येते.

मुद्रित गाणे संथ करण्याचा परिणाम याहून गुंतागुंतीचा असतो. वेग ८४ टक्क्यांवर आणला, तर काळी चारमधले गाणे तीन अर्धस्वर (पेटीवरील काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या) उतरून पांढरी चारवर येते आणि पाच मिनिटांचे गाणे जवळजवळ सहा मिनिटे चालते. मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) लांबते, तबल्याचा बायाँ जड होतो, गायिकेचा आवाज वयस्क वाटू लागतो. पट्टी कायम ठेवून केवळ वेग कमी केल्यास लय मंदावते, पण आवाजाला हे वय येत नाही.